बांध पुढं, सिस्टर मागं

मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. एक म्हणजे लोकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेले फोन, आणि दुसरी म्हणजे किस्से. फोन मी दिवाळीच्या साफसफाईत भंगारात काढतो. किश्श्यांना हात लावायची काही हिंमत होत नाही. त्यातल्या निम्म्यांत इरफान आहे, आणि इरफान सध्या गोरेगावात नाही.

गोरेगाव म्हणजे मुंबईतलं नव्हे, आमचं हिंगोलीकडचं. माझं दुकान स्टँडसमोर. इथूनच सेनगावच्या आणि हिंगोलीच्या जीपा सुटतात. शेजारचं दुकान इरफानचं, टेलरिंगचं. दोन्ही दुकानांच्या मधे एक बाक आहे. गजानन, म्हणजे आमचा गजू, सेनगाव लाईनला जीप चालवतो आणि नंबर लागेपर्यंत या बाकावर बसतो. असंच एकदा गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी एक गेम डाउनलोड करून बघितला. दुसऱ्या दिवशी गजूनं घेतला, तिसऱ्या दिवशी इरफाननं. तिथून आम्ही तिघंही कामातून गेलो असं स्टँडवरचे लोक म्हणतात. लोकांना काय, म्हणायला जीएसटी लागत नाही!

गेम साधा आहे. पडद्यावर चौकटी आखलेलं मैदान असतं. लढवय्ये निवडायचे, आठ जणांची टीम जमवायची, कोण पुढं आणि कोण मागं ते ठरवायचं. बस्स. एकदा लढाई सुरू झाली की आपलं काम संपलं. ते आपापले लढतात, आपण फक्त बघायचं. म्हणजे सगळा खेळ टीम बसवण्यात. प्रत्येक लढवय्याचं एक घराणं असतं. एका घराण्याचे जास्त जण टीममध्ये आले की सगळ्यांची ताकद वाढते. याला इंग्रजीत काहीतरी मोठा शब्द आहे. गजू त्याला सोयरीक म्हणतो.

* * *

लढवय्यांची नावंही इंग्रजी, आणि तीही अशी की जीभ अडकावी. गजूनं पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचं बारसं करून टाकलं. ढाल घेऊन मार खात उभा राहणारा तो ‘बांध’. जखमी झालेल्यांना बरं करणारी ती ‘सिस्टर’. उडी मारून थेट मागच्या रांगेत घुसणारा ‘बोका’. आणि सगळ्यात महागडा, सोन्याचं चिलखत घातलेला, हत्यारं नि दागिने चढवल्याशिवाय जो हातपाय हलवत नाही, तो ‘जावई’! दागिने चढवणं म्हणजे आहेर.

तर एकदा आम्ही खेळत बसलो होतो. साखऱ्याचे एक म्हातारे बाबा रिचार्जला आले होते. साखरा ही गजूची सासुरवाडी. तिकडं गजूचा महागडा गडी मैदानात आडवा झाला आणि मी ओरडलो, “गजू, जावई गेला!”

बाबा रिचार्ज न करताच उठले.

माझ्या वाक्यातला स्वल्पविराम काही साखऱ्यापर्यंत पोचला नाही. तासाभरात एक टेम्पो स्टँडवर येऊन थांबला. त्यातून तोंडाला पदर लावलेल्या बाया उतरल्या आणि डोक्यावरची टोपी हातात घेऊन गजूचे सासरे उतरले. गजू बाकावर बसून भजी खात होता.

सासऱ्यांनी त्याच्याकडं बघत टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाले, “मंग गेलं कोण?”

गजू गडबडला. “मामा, तो जावई येगळा.”

“येगळा म्हंजी?” सासऱ्यांचा आवाज चढला. “आमाला एकच पोरगी हाय!”

* * *

इरफानची टीम बघण्यासारखी असायची. तो निवडताना ना ताकद बघायचा, ना किंमत. एकदा मी त्याला चांगला दांडगा गडी दाखवला. म्हटलं, “घे, फुकटात मिळून राहिला.”

इरफाननं चष्मा वर केला. “न्हाई भाऊ. हिरवा हाय त्यो. माझी सगळी टीम मरून कलरची. उठून दिसंल.”

“अरे, लढायचं हाय का लग्नाला जायचं हाय?”

“अस्तर मॅच झालं पाह्यजे,” इरफान म्हणाला आणि पुन्हा मशीनवर वाकला.

आम्ही हसलो. पण इरफान जिंकायला लागला! सलग जिंकायला लागला. गजूला वाटलं यानं यूट्यूबवर काही शिकून घेतलंय. त्यानं इरफानला चहा पाजला, भजी खाऊ घातली, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून सेनगावला फिरवून आणलं. इरफान तेच सांगत राहिला, “कसम से, मी नुसतं कापड बघून राहिलो.”

पुढं कधीतरी उलगडा झाला की गेमवाल्यांनी एका घराण्याच्या सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे दिले होते. आमच्या टेलरनं एक अक्षर न वाचता सगळ्या सोयरिकी जुळवल्या होत्या!

हे कळल्यावर गजू दिवसभर जीपच्या फेऱ्या मारत राहिला. संध्याकाळी म्हणाला, “मी भजी वापस मागणार हाय.”

* * *

जावयाचं मात्र आमचं कुणाचंच जमत नव्हतं. एवढा महागडा गडी, एवढे आहेर चढवायचे, आणि लढाई संपेपर्यंत तो आपला मागच्या कोपऱ्यात उभा. बांध पुढं मार खाऊन मरायचा, सिस्टर मरायची, बोका मरायचा, आणि शेवटी जावई एकटा उरून मरायचा. महिने गेले असे. आम्ही त्याला शिव्या घालायचो, गेमला शिव्या घालायचो.

त्याला पुढच्या रांगेत उभं करावं हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? नाव जावई ठेवलेलं! मी एकदा चुकून बोट घसरून त्याला पुढं ठेवलं तर इरफानच ओरडला, “अरे, दुल्हेभाई को आगे खडा करते क्या कोई? मागं घे, मागं घे!” मी पण घाईघाईनं मागं घेतला. वर वाटलं, थोडक्यात अब्रू वाचली.

मग एके दिवशी एक चमत्कार झाला. भर दुपारी मी आणि इरफान खेळत होतो आणि समोर गजूचा आयडी आला. आला आणि आम्हाला दोघांनाही धुऊन गेला. मी गजूला फोन लावला. मागून जीपचा आवाज, पॅसेंजरचा कालवा.

“गजू, तू कुठं हाय?”

“सेनगावच्या अलीकडं. काहून?”

“गाडी चालवून राहिला?”

“मंग काय बैल चारून राहिलो?”

“मंग आता आमाला हरवलं कोणी?”

फोनवर करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. मग गजू हळूच म्हणाला, “मायला... घरचा जुना फोन!”

घरच्या जुन्या फोनवर गजूचाच आयडी चालू होता, आणि तो फोन त्याच्या बायकोच्या, रेखा वहिनींच्या हातात असायचा. गजूच्या नावावर गेल्या दोन महिन्यांत जेवढे विजय होते ते सगळे वहिनींचे निघाले. हरलेल्या तेवढ्या मॅच त्याच्या स्वतःच्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही वहिनींना बाकावर मानानं बसवलं आणि त्यांची टीम बघितली. बघतो तर काय, जावई पहिल्या रांगेत, अगदी मधोमध! दणादण हाणत होता.

इरफान म्हणाला, “भाभी, जावई पुढं?”

वहिनींनी मान वर केली नाही. “मंग? मागं बसवून ताट वाढायचं त्याला?”

त्या दिवसापासून आमची चौघांची टीम झाली. गेममध्ये चार खेळणाऱ्यांचं एक मंडळ करता येतं, आमच्या मंडळाचं नाव ‘स्टँड’. नियम एकच. ज्याची स्वतःची टीम हरली त्यानं चहा सांगायचा. वहिनींनी कधी चहा सांगितल्याचं मला आठवत नाही.

* * *

मग शाळेचे ड्रेस बाहेरून तयार यायला लागले. लग्नाचे सूट ऑनलाईन यायला लागले. इरफानच्या मशीनचा आवाज कमी होत गेला. भिंतीपलीकडून तो आवाज यायचा तेव्हा मला कटकट वाटायची, बंद पडत गेला तेव्हा सारखं तिकडंच लक्ष. एका सकाळी इरफान बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, “मस्कतला शिलाईचं काम मिळालं भाऊ. युनिफॉर्मची कंपनी हाय.”

गजू म्हणाला, “तिथं नेटवर्क हाय का?”

जायच्या दिवशी गजूनं जीप दुकानासमोर लावली. आमच्या लाईनचा एक कायदा आहे. गाडी भरल्याशिवाय हलत नाही. मागं चौघांच्या जागी सहा, मधे तीनच्या जागी पाच, ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला अर्धा. मंत्री जरी आला तरी गजू म्हणेल, “सरका जरा, आणखी एक बसंल.” त्या दिवशी इरफान एकटाच पुढं बसला, मागं त्याची बॅग. आणि गजूनं स्टार्टर मारला.

स्टँडवर गलका झाला. पॅसेंजर धावत आले, दुसरे ड्रायव्हर ओरडायला लागले. इरफान पण घाबरला. “गजू, काय करून राहिला? भर ना गाडी!”

“भरली,” गजू म्हणाला, आणि गाडी काढली.

मी दुकानात येऊन बसलो. एका गिऱ्हाईकाचा चांगला चालणारा स्पीकर मी त्या दिवशी उगाच उघडून ठेवला. काम करायचं म्हणून.

* * *

इरफान गेल्यावर मंडळात एक जागा रिकामी झाली. सुरुवातीला त्याला खेळायला वेळ नव्हता. मग गेमनंच ती जागा भरून काढली. चौथा गडी म्हणून कॉम्प्युटर स्वतः खेळायला लागला.

आता काय सांगू, फार चांगला खेळायचा तो! कधी चुकायचा नाही, कधी उशीर नाही, कधी रंगावरून अडून बसायचा नाही. आम्ही सगळीकडं जिंकत सुटलो. आमचं मंडळ जिल्ह्याच्या यादीत पार वर गेलं. वर जाऊन बघितलं तर तिथं करण्यासारखं काहीच नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी गजूनं फोन बाकावर आपटला. “ह्याच्यात मजा न्हाई. ह्यो भांडूनच न्हाई राहिला!”

“जिंकून देऊन राहिला ना?” मी म्हटलं.

“जिंकून काय करू? इरफान कसा, जिंकला तरी म्हनायचा मागच्या मॅचमध्ये तू मला दगा दिला.”

मग एकदा तो कॉम्प्युटर हरला. पहिल्यांदाच हरला! आम्ही तिघांनी असा जल्लोष केला की चहावाला बाहेर येऊन बघायला लागला. तो किटली घेऊन विचारतो, “आज कोनाचा चहा?”

वहिनींनी फोन त्याच्यापुढं धरला. “ह्याला इचारा बाप्पा. ह्यो हारला हाय.”

* * *

दोन-तीन महिन्यांनी इरफानला शुक्रवारची सुट्टी नीट मिळायला लागली. मग दर शुक्रवारी दुपारी त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका लागायचा. तो ठिपका दिसला की गजू पॅसेंजरला सांगायचा, “मागच्या गाडीत बसा.” मागच्या गाडीवाल्याचं शुक्रवारी फार छान चालायला लागलं.

इरफान फोनवर बोलायचा कमी. व्हिडिओ कॉल तिकडं धड लागायचा नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही तो लावायची घाई नसायची. फोटो पाठवायचा, पण इमारतींचे, खजुराच्या झाडांचे, एकदा तर नुसत्या रस्त्याचा. स्वतःचा एकही नाही. त्याची अम्मी दुकानाशी येऊन विचारायची, “फोटू भेजा क्या?” मी तिला खजुराचं झाड दाखवायचो.

तर एका शुक्रवारी मॅच सुरू झाली आणि आम्ही बघतो तर इरफानची टीम सगळी मैदानाच्या एका कोपऱ्यात. आठच्या आठ एकमेकांना चिकटून उभे. बाकी सगळं मैदान मोकळं! असा डाव कुणी मांडत नाही. समोरच्यानं एक आगीचा गोळा टाकला की सगळे एकदम खलास.

खलास झालेच.

वहिनींनी मोबाईलवर लिहिलं, “इरफानभाऊ, एवढी जागा असून दाटीवाटीनं काहून उभं करून राहिले?”

थोड्या वेळानं उत्तर आलं. “ध्यानातच आलं न्हाई भाभी. इथल्या रूमची सवय लागली.”

आणि खाली हसणारं एक तोंड.

गजूनं त्या दिवशी दोन फेऱ्या केल्या. मागच्या सीटवर चारच माणसं बसवली. लोकांनी विचारलं, काय झालं आज? म्हणाला, “बसा ना मोकळं. फुकटची हवा खा.”

* * *

मला त्याची आठवण येते. सरळच सांगतो. दुकानाचं शटर वर करताना शेजारच्या शटरकडं हात जातो. दोन्ही शटरं एकत्र वर जायची ना, त्यामुळं. गजू म्हणतो की त्याला तसलं काही होत नाही. पण इरफाननं शिवलेली पॅन्ट गुडघ्यावर फाटली तर तो रफू करून घालतो आणि रफूवाल्याला वर ऐकवतो की हे काय काम आहे का, आमचा टेलर बघा.

इरफान ईदला येणार होता. तिकीट बघून ठेवलं होतं. अम्मीनं घराला चुना दिला, त्याच्या खोलीतला पंखा माझ्याकडून दुरुस्त करून घेतला. मी म्हटलं, “अम्मी, मी मोबाईलवाला.” ती म्हणाली, “बिजलीच है ना उसमें भी.” मी केला दुरुस्त. मग ऐन वेळी कंपनीला मोठी ऑर्डर आली आणि कुणालाच गावी जायची सुट्टी मिळाली नाही. इरफाननं आधी मला कळवलं. अम्मीला तूच सांग म्हणाला. मी सांगितलं. अम्मी म्हणाली, “अच्छा. काम है तो काम है.” आणि आत जाऊन पंखा बंद करून आली.

ईद शुक्रवारीच आली. दुपारी अम्मी शीरखुर्म्याचं भांडं घेऊन दुकानात आली. मी होतो, गजू होता, वहिनी होत्या. तिनं सगळ्यांना वाट्या भरून दिल्या आणि बाकावर बसली. एरवी ती कधी दुकानात बसत नाही.

मग मला म्हणाली, “संजू, वो तुमारे खेल में इरफान दिखता बोलते.”

“व्हय अम्मी. आता येईलच.”

ठिपका हिरवा झाला. मी फोन तिच्या हातात दिला. मॅच सुरू झाली, मैदानात झटापट, आरडाओरडा, उजेड. अम्मीनं चष्मा पदरानं पुसला आणि पडदा अगदी तोंडाजवळ नेला.

“इसमें इरफान कौनसा?”

“हे लाल कपड्यातले सगळे त्याचेच, अम्मी. त्यानंच बसवले.”

“वो नै रे. खुद इरफान किदर है?”

तेव्हा वहिनींनी बोट दाखवलं. मैदानाच्या बाहेर, कडेला, प्रत्येक खेळणाऱ्याच्या नावाचा एक छोटा बाहुला उभा असतो. तो लढत नाही. नुसता उभा राहून बघतो. पैसे भरले तर त्याला चांगला पोशाख मिळतो. इरफाननं कधी भरले नव्हते, त्यामुळं त्याचा बाहुला गेमबरोबर फुकट येतो तोच, बारकासा, साध्या कपड्यातला. वर इंग्रजीत नाव, इरफान.

“हा काय अम्मी, हा कडेला उभा हाय तो.”

या बाहुल्याला कुणीही बोट लावलं की तो बोट लावणाऱ्याकडं तोंड करतो आणि हात हलवतो. कुणीही लावो. गेमच तसा आहे.

अम्मीनं बोट ठेवलं.

बाहुला वळला. त्यानं मान वर केली आणि हात हलवला.

गजू काहीतरी सांगायला निघाला होता. वहिनींनी त्याच्या हातात आणखी एक वाटी दिली.

अम्मीनंही हात वर केला होता. तो तसाच ठेवून ती पडद्याकडं बघत राहिली. मग फोन माझ्याकडं वळवून म्हणाली, “दुबला हो गया.”